तलावाला ठेका नको, क्लब हवा : वडोदरा महानगरपालिकेला खुले पत्र

प्रति,
माननीय महापौर, महापालिका आयुक्त, स्थायी समितीचे अध्यक्ष आणि सर्व नगरसेवक,
वडोदरा महानगरपालिका.

सप्रेम नमस्कार.

शहरातल्या एखाद्या तलावाचा विषय पुन्हा आपल्यापुढे येईल, तेव्हा कागदावर बहुधा दोनच पर्याय असतील. बोटिंग बंद ठेवायचं, नाहीतर नव्या निविदेने सुरू करायचं. हे पत्र तिसऱ्या पर्यायासाठी आहे. बडोद्याला तलावाकाठी एक सेलिंग क्लब, म्हणजे शिडाच्या होड्यांचा क्लब, हवा. तो सभासदांचा असावा, मुलांना आधी पोहायला आणि मग बोट चालवायला शिकवणारा असावा, आणि महापालिकेने त्याला जागा आणि आधार द्यावा. मी या शहरात मुलांना पोहायला शिकवते. इथे जे लिहिते आहे ते त्या कामातून आलेलं आहे.

हरणीचं आधी लिहायलाच हवं. 18 जानेवारी 2024 रोजी तिथल्या मोटनाथ तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. 12 मुलं आणि त्यांच्या 2 शिक्षिका बुडून गेल्या. बोट 14 जणांची होती, बसवलेले 30 च्या वर होते आणि लाइफ जॅकेट थोड्यांच्याच अंगावर होती. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. दोष कुणाचा किती, हे न्यायालयाने ठरवायचं आहे आणि त्यात मी पडत नाही. पण त्याआधी 1993 मध्ये ऐन शहराच्या मध्यात, सूरसागर तलावात बोट उलटून 22 माणसं गेली होती. त्या बोटीतही मावतील त्यापेक्षा जास्त लोक होते. दोन दुर्घटनांमध्ये तीस वर्षांचं अंतर आहे. तलाव वेगळा, चालवणारे वेगळे, पण कारण तेच. एखादा माणूस बेफिकीर निघाला एवढ्यावर याचं उत्तर संपत नाही. आपण शहराला पाणी ज्या पद्धतीने दाखवतो, त्या पद्धतीतच खोट आहे.

ती पद्धत अशी. तलाव सुशोभित करायचा, काठावर खाऊची दुकानं, रोषणाई, आणि पाण्यात फेरी मारून आणणारी बोट. फेरीचे पैसे माणशी. त्यामुळे एका फेरीत जेवढी माणसं जास्त, तेवढी कमाई जास्त. बोट चालवणारा बहुतेक वेळा रोजंदारीवरचा असतो, त्याला नाही म्हणण्याचा अधिकार कुणी दिलेला नसतो. आणि तिकीट काढून बसणाऱ्याला बोटीची काहीच माहिती नसते. किती माणसं चालतील, वजन कुठल्या बाजूला जास्त झालं की ती कलते, जॅकेटचे पट्टे कसे आवळायचे, यातलं काहीही त्याला ठाऊक असावं अशी अपेक्षाच नसते. मुलं तर मोठ्यांच्या भरवशावर असतात. बसा म्हटलं की बसतात.

क्लबमध्ये हे उलटं असतं, आणि म्हणूनच मी आग्रहाने क्लब म्हणते आहे. सभासद बोटीत बसायला येत नाही, बोट चालवायला येतो. पहिल्या आठवड्यात त्याला जे शिकवतात त्यात नियमच जास्त असतात. जेट्टीवर पाऊल टाकायच्या आधी जॅकेट अंगावर आणि पट्टे आवळलेले. पाण्यात कोण गेलं, किती वाजता गेलं, कधी परत आलं, याची वहीत नोंद. शेवटचा सभासद काठावर आल्याखेरीज बचाव-बोट वर घ्यायची नाही. 2021 च्या अंतर्देशीय नौका कायद्याने नोंदणी आणि तपासणी सांगितलेली आहे, पण कागदावरचा नियम रोज पाळायला रोज तिथे असणारी माणसं लागतात. असे नियम पाळत वाढलेली मुलगी पुढे कुठेही गेली, एखाद्या धरणावर, नदीच्या घाटावर, की गोव्याच्या फेरीबोटीत, तरी गर्दीची बोट पाहून ती पाऊल मागे घेईल आणि इतरांनाही थांबवेल. निरीक्षक नेमून एवढं साधत नाही.

लहान मुलांसाठी जगभर जी बोट वापरतात तिचं नाव ऑप्टिमिस्ट. लांबी जेमतेम 2.3 मीटर, वजन 35 किलो, शीड एकच, आणि आत एकच मूल. 15 वर्षांपर्यंतची मुलं ती चालवतात. तिच्यात तीन हवेच्या पिशव्या बांधलेल्या असतात, त्यामुळे उलटली, पाण्याने भरली तरी ती बुडत नाही. शिकवणारे तिचा पहिला धडा काय देतात हे आपण पाहिलंत तर माझं म्हणणं लगेच पटेल. ते मुलाला बोट मुद्दाम उलटवायला लावतात. मूल पाण्यात पडतं, वर येतं, आधी बोट धरतं आणि ती सोडत नाही. मग बोटीच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर वजन टाकून ती सरळ करतं, आत चढतं आणि दोरीला बांधलेल्या भांड्याने पाणी उपसतं. पुन्हा उलटवतं, पुन्हा सरळ करतं. भीती जाईपर्यंत हेच चालतं. हरणीनंतर मुलांच्या मनात बोट उलटण्याचं जे भय बसलं आहे, त्यावर मला माहीत असलेला हा एकच इलाज आहे. कारण त्यात भय खोटं आहे असं कुणी सांगत नाही. भय खरंच आहे, आणि त्याचं काय करायचं ते हातांना शिकवलं जातं.

या बोटीचा इतिहासही आपल्या कामाचा आहे. 1947 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात क्लिअरवॉटर गावच्या एका सेवाभावी मंडळाला मुलांसाठी स्वस्तातली, घरच्या घरी बांधता येईल अशी होडी हवी होती. क्लार्क मिल्स या बोटी बांधणाऱ्याने ती आखून दिली. बाजारात मिळणाऱ्या प्लायवुडच्या आठ फुटी तक्त्यांतून निघावी म्हणून तिची लांबी आठ फुटांच्या आत ठेवली. म्हणजे ती मुळात श्रीमंतांची नौका नव्हेच, गावाने आपल्या मुलांसाठी केलेली वस्तू आहे. 1890 मध्ये ज्या शहरात कलाभवन सुरू झालं, जिथे सुतारकाम आणि यंत्रकाम शिकवण्याची परंपरा पुढे विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेत गेली, त्या शहराला अशा होड्या स्वतः बांधता येतील. विद्यापीठाच्या कार्यशाळेला हे काम आवडेल असा माझा विश्वास आहे.

सेलिंग म्हणजे साहेबांचा आणि पैसेवाल्यांचा खेळ, असं कुणीतरी सभागृहात म्हणेलच. एके काळी ते खरं होतं. इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबईला, पुण्याला, नैनितालला बोट क्लब काढले ते स्वतःपुरतेच. पण आता आपल्याच शेजारच्या राज्यात पाहा. भोपाळच्या मोठ्या तलावावर सेलिंगचं प्रशिक्षण चालतं. तिथे तयार झालेल्या हर्षिता तोमरने 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. नेहा ठाकूर देवास जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. तिने 2023 मध्ये हांगझोऊला रौप्यपदक आणलं. समुद्र त्या दोघींच्या घरापासून शेकडो किलोमीटर दूर. हैदराबादेत हुसेनसागरावर 2009 पासून एक क्लब गरीब वस्त्यांतल्या, सरकारी शाळांतल्या मुलामुलींना बोट शिकवतो आणि ती मुलं राष्ट्रीय स्पर्धांत उतरतात. कुणाला घ्यायचं हे क्लबची घटना ठरवते. म्हणून घटना लिहितानाच निम्म्या जागा नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांतल्या मुलांना बिनफी ठेवा, आणि त्यात आपल्या मराठी माध्यमाच्या शाळाही येऊ द्या. तिथली मुलं घरकाम करणाऱ्या आयांची, रिक्षा चालवणाऱ्या बापांची आहेत. खासगी तरणतलावाची फी त्यांच्या घराला परवडत नाही.

पदकांसाठी मात्र मी हे मागत नाही. आली तर आनंदच आहे.

आपल्या देशात दरवर्षी 35,000 हून जास्त माणसं बुडून मरतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात हा आकडा दर वर्षी छापला जातो आणि त्याची बातमी क्वचितच होते, कारण मृत्यू एकेकटे येतात. विहिरीत, कालव्यात, विसर्जनाच्या वेळी, नदीवर गेलेल्या कॉलेजच्या मुलांचे. जागतिक आरोग्य संघटना शाळकरी वयाच्या मुलांना पोहणं आणि सुरक्षित बचाव शिकवा असं सांगते आहे. हे आपल्याकडे नवीन नाही. आमच्या आजोबांच्या पिढीला पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत ढकलत आणि आठवड्याभरात पोरं हातपाय मारू लागत. विहिरी बुजल्या, वावांना, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींना, कुंपणं लागली, आणि ते शिकवणं कुणाकडेच राहिलं नाही. आज फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाला पाण्याची ओळख फक्त वॉटर पार्कात होते. हरणीनंतरच्या उन्हाळ्यात माझ्याकडे आलेल्या कित्येक आयांचं म्हणणं एकच होतं: शर्यती वगैरे नको, पाण्यात पडली तर तरंगता आलं पाहिजे. आपल्या लालबागच्या आणि सरदारबागच्या तरणतलावांत उन्हाळी तुकड्या भरतात. तिथूनच या क्लबची सुरुवात होऊ शकते.

आणि मग त्याच वर्षी ऑगस्ट आला. विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली आणि शहराचा मोठा भाग दिवसचे दिवस पाण्यात राहिला. अकोटा, समा, कारेलीबाग, फतेहगंज, मुजमहुडा. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना नावं सांगायची गरज नाही. एनडीआरएफ आली, लष्कराच्या तुकड्या आल्या, आपल्या अग्निशमन दलाच्या जवानांनी जिवाचं रान केलं. त्यांच्याबद्दल कृतज्ञता आहे आणि ती कायम राहील. पण गल्लीबोळांतल्या पहिल्या मजल्यांवर अडकलेली म्हातारी माणसं, डायलिसिसचे रुग्ण, बाळंतिणी यांच्यापर्यंत पहिल्या काही तासांत कोण पोचणार होतं? शेजारी. आणि त्या शेजाऱ्यांना बोट चालवता येत नव्हती, दोर टाकता येत नव्हता, वाहत्या पाण्यात कुठे पाय ठेवायचा हेही ठाऊक नव्हतं. पोरांनी थर्माकोलचे तराफे केले, ट्रॅक्टरची ट्यूब फुगवून दूध पोचवलं. त्यांच्या हिमतीला सलाम. पण त्या हिमतीला शिक्षण मिळालं असतं तर ती कितीतरी जास्त घरांपर्यंत पोचली असती.

जानेवारीत ज्या शहराने बोटीमुळे मुलं गमावली, त्याच शहराला ऑगस्टमध्ये बोट हवी होती. पूर इथे 2005 ला आला, 2014 ला आला, 2019 च्या 31 जुलैला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला, आणि 2024 तर ताजंच आहे. विश्वामित्री पुन्हा येणार आहे. ती येईल तेव्हा प्रत्येक वॉर्डात दहा-वीस जण असे हवेत, ज्यांनी दर रविवारी बोट पाण्यात उतरवली आहे, एकमेकांना पाण्यातून बाहेर काढलं आहे, आणि ज्यांची नावं, फोन नंबर अग्निशमन दलाकडे आहेत. कोठारात बोटी विकत घेऊन ठेवल्याने हे होत नाही. वापरात नसलेल्या बोटीचं रबर चिरतं, इंजिन अडकतं, आणि ती चालवणारा ऐनवेळी शोधावा लागतो. क्लबची बोट दर आठवड्याला पाण्यात असते.

आता पैशांचं. इथे मला सयाजीराव महाराजांची आठवण काढावीच लागते. 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेतून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून गावोगाव वाचनालयं उभी केली, तेव्हा ती फुकट वाटली नाहीत आणि ठेक्यानेही दिली नाहीत. गावाने वर्गणी काढायची, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. तीन हात लागले म्हणून ती लोकांना आपली वाटली. क्लबसाठी हाच हिशेब धरावा, असं मला वाटतं. तिसरा हिस्सा सभासदांचा आणि शहरातल्या उद्योगांचा, तिसरा महापालिकेचा, तिसरा राज्याच्या क्रीडा खात्याचा. कार्यकारिणी निवडून आलेली, त्यात पालकांचे प्रतिनिधी, अग्निशमन दलाचा एक अधिकारी, वनखात्याचा एक. हिशेब काठावरच्या फळ्यावर. अशा संस्था चालवणं या शहराला नवं नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिर 1880 पासून उभं आहे, आणि प्रा. माणिकरावांनी तिथे तयार केलेल्या पिढ्यांच्या गोष्टी आमच्या घरांत अजून सांगितल्या जातात. जातपात, धर्म, ऐपत न बघता शरीर आणि शिस्त घडवणारी जागा, जिथे उस्ताद रोज हजर असतो आणि गल्लीतला प्रत्येक मुलगा त्याला वचकून असतो. तलावाला असाच एक आखाडा द्या.

कुठे, हा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे आणि तो मी टाळणार नाही. सूरसागर छोटा, चारी बाजूंनी इमारतींनी वेढलेला, मध्ये महादेवाची मूर्ती. तिथे शिडाला वारा नाही, तो राहू द्यावा. आजवा सरोवर मोठं आहे, वारा उत्तम आहे, पण ते शहराचं पिण्याचं पाणी आहे आणि तिथे मगरी आहेत. 2025 च्या गणनेत विश्वामित्रीतच 400 हून अधिक मगरी मोजल्या गेल्या. बडोद्यात पाण्याचा विचार मगरीला वगळून करता येत नाही आणि करूही नये, ती आपल्या आधीपासून इथे आहे. म्हणून वनखात्याने पाहणी करून लेखी हमी दिल्याशिवाय लहान मुलांना आजव्याच्या पाण्यात उतरवू नये. तिथे गेलेच तर मोठे, शिकलेले सभासद जातील. वढवाणा तलाव 2021 पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, हिवाळ्यात तिथे हजारो पाणपक्षी उतरतात, तिथे एकही होडी नको. ऑप्टिमिस्टसारख्या होडीला मोठं पाणी लागतही नाही. शहरातला साफ केलेला, मगरमुक्त असल्याची खात्री झालेला एक मध्यम तलाव तिला पुरतो. आपल्याकडे चैत्र-वैशाखात दुपारनंतर नैऋत्येचा वारा सुटतो, तो शिकण्यासाठी चांगला, आणि शाळांना तेव्हा सुट्टीही असते. पावसाळ्यात पाणी बंद ठेवायचं आणि त्या महिन्यांत दोर, गाठी, प्रथमोपचार, सीपीआर शिकवायचं.

हरणीच्या तलावाबद्दल पहिला शब्द त्या 14 घरांचा. त्यांना तिथे कुठलीही होडी नको असेल तर तिथे होडी असू नये, कितीही सोयीचं असलं तरी. त्यांच्याशी बोलल्याशिवाय त्या काठाचा कोणताही निर्णय घेऊ नका, एवढी हात जोडून विनंती आहे.

काठावर रोज माणसं असली की तलावाचंही भलं होतं. जलपर्णी पहिल्यांदा कुठे दिसली, कुठल्या नाल्यातून रात्री काळं पाणी आलं, मासे का मेले, हे क्लबच्या पोरांना बातमी छापून यायच्या आधी कळेल. भोपाळच्या मोठ्या तलावावर राष्ट्रीय हरित लवादाने 2023 मध्ये क्रूझ आणि मोटरबोटींना मनाई केली, ती पाण्याच्या काळजीपोटीच. शिडाला डिझेल लागत नाही. बचाव-बोटीचं एक इंजिन ठेवावं लागेल, तेवढंच.

माझी मागणी मोठी नाही. येत्या अंदाजपत्रकात 'जलसुरक्षा व नौकानयन प्रशिक्षण' असं स्वतंत्र शीर्षक उघडा, रक्कम लहान असली तरी चालेल. तलावांच्या यापुढच्या कुठल्याही निविदेत माणशी तिकिटाची फेरीबोट नसेल असा ठराव करा. वनखातं, अग्निशमन दल, विद्यापीठ, क्रीडा खातं आणि पालक यांची एक समिती नेमून तिला तलाव निवडायला सहा महिने द्या. आणि तोपर्यंत थांबू नका. शिक्षण समितीच्या शाळांतल्या पाचवी-सहावीच्या मुलामुलींची पहिली तुकडी येत्या उन्हाळ्यात आपल्याच तरणतलावांत उतरवा, मुलींसाठी वेगळी वेळ आणि महिला प्रशिक्षक ठेवून. ज्यांना कपड्यांसकट तरंगता येईल, जॅकेट स्वतः बांधता येईल आणि दुसऱ्याला दोर टाकून काठावर ओढता येईल, तेच पुढच्या वर्षी होडीत बसतील.

शिकवणाऱ्यांची अडचण पडणार नाही. शहरात पोहणं शिकवणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत, नौदलातून आणि एनसीसीच्या नेव्हल विंगमधून निवृत्त झालेली माणसं आहेत. मी त्यांच्यापैकी काहींशी बोलले आहे, ते सकाळचा वेळ बिनमोबदला द्यायला तयार आहेत. आपण बैठकीची तारीख कळवावी, आम्ही येऊ.

कळावे,

आपली,
दांडिया बाजारातील एक बडोदेकर